छायाचित्रांतील पांचवा

एकत्र कुटुंबाच्या घरांत कोणतीहि वस्तु फार दिवस एकट्याची राहत नाहीं. छत्र्या, पुस्तकें, चष्म्याचीं घरें, फार काय, बालपणींच्या आठवणीहि सामाईक होऊन बसतात. कोणाचें बोट दारांत चेंगरलें होतें आणि कोण विहिरींत पडतां पडतां वांचलें होतें, याविषयीं आमच्या घरीं आजहि एकमत नाहीं. अशा घरांत पंचेचाळीस वर्षें निव्वळ माझी म्हणून राहिलेली एकच वस्तु आहे. ती म्हणजे माजघराच्या भिंतीवर घड्याळाशेजारीं टांगलेली एक काळी-पांढरी तसबीर. वेरूळच्या कैलास लेण्यासमोर चार तरुण उभे आहेत. खाकी पिशव्या पायांशीं टेकलेल्या, सदऱ्यांच्या बाह्या दुमडलेल्या, आणि चौघांच्याहि मुद्रेवर असा कांहीं भाव कीं, जणूं तें लेणें आम्हींच नुकतें कोरून संपविलें आहे! डावीकडून दुसरा मी.

या तसबिरीविषयीं मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पुष्कळ सांगत आलों. परंतु तिच्यासंबंधींची खरी गोष्ट मीं कोणासहि सांगितली नव्हती. ती गेल्या हिवाळ्यांत सांगावी लागली; आणि एकदां सांगितल्यावर लिहूनहि ठेवावी असें वाटलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९८० सालची दिवाळी होती. आमचें गांव तेव्हां औरंगाबाद या नांवानें ओळखलें जाई. छत्रपति संभाजीनगर हें नांव त्यास २०२३ सालीं मिळालें. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी पाठशाळेंत लघुकौमुदी घोकीत होतों आणि नुकतीच विशी गांठली होती. आम्ही पांच वर्गमित्रांनीं ठरविलें कीं, भाऊबीज झाली कीं पाठीवर पिशवी टाकून पायीं निघावयाचें. देवगिरि, वेरूळ, कन्नड, पितळखोरें, तेथून घाट उतरून पाटणादेवी, चाळीसगांवास आगगाडी आणि शेवटीं अजिंठा असा तो बेत होता. बेत करणें सोपें होतें; घरची अनुमति मिळविणें हाच खरा घाट! आमच्या घरीं तेव्हां दोन वेळां सतरा पानें पडत आणि शेवटचा शब्द थोरल्या काकांचा असे. मीं एक युक्ति केली. आजीला सांगितलें, घृष्णेश्वराच्या ज्योतिर्लिंगाचें दर्शन घडेल. काका ज्योतिषाचे व्यासंगी. त्यांना सांगितलें, पाटणास भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. वडिलांना एवढेंच सांगितलें कीं, पायीं जाण्यास भाडें पडत नाहीं. तिघांनाहि आपापल्या परीनें पटलें. आईला कांहींच सांगावें लागलें नाहीं. तिनें न विचारतां दशम्या, तिळाची चटणी आणि दिवाळीचा उरलेला चिवडा बांधून दिला, आणि पिशवीच्या तळाशीं आंबेहळदीची एक पुडी ठेविली.

आम्हां पांचांपैकीं एकाजवळ कॅमेरा होता. त्याचे वडील तो लहान असतांनाच वारले होते. मामांनीं दिलेला आगफा क्लिक थ्री हा साधा पेटीवजा कॅमेरा एवढेंच त्याचें वैभव. एका रिळांत बारा छबी येत, आणि दुसरें रीळ घेण्याची ऐपत आम्हां पांचांची मिळूनहि नव्हती. त्यामुळें सात दिवसांचीं बारा चित्रें त्यानें अगोदरच वांटून ठेविलीं होतीं, एखाद्या गृहिणीनें महिन्याचें तूप वांटून ठेवावें तशीं. कॅमेऱ्यास स्वतःची अक्कल फारशी नव्हती. ऊन भरपूर पाहिजे आणि तें काढणाराच्या पाठीशीं पाहिजे, एवढें एकच त्याचें शास्त्र. गुलमंडीवरील एका छायाचित्रकारानें तें आमच्या मित्रास शिकविलें होतें आणि तो तें मंत्रासारखें पाळी. वाचकांनीं हें शास्त्र ध्यानांत ठेवावें; पुढची सर्व गोष्ट त्यावरच आधारलेली आहे.

पहांटे चार वाजतां छावणीच्या रस्त्यानें निघालों. मिटमिटा आणि शरणापूर मागें टाकून, ऊन चढण्यापूर्वीं देवगिरीच्या पायथ्याशीं पोहोंचलों. गडाचें वर्णन मीं नव्यानें काय करावें? तासून उभा केलेला कडा, भोंवतीं खंदक, आणि तो ओलांडल्यावर ती प्रसिद्ध अंधारी. मशालजी पुढें आणि आम्ही एकमेकांचे सदरे धरून मागें. एकनाथ महाराजांचे गुरु जनार्दनस्वामी याच गडावर किल्लेदार होते, या स्मरणानें मन भरून आलें. वर एका भिंतीवर शेंकडों नांवें खरडलेलीं होतीं. तीं पाहून आमच्यापैकीं एकानें खिशांतून खिळा काढला व तो स्वतःच्या नांवाचें पहिलें अक्षर कोरूं लागला. तेव्हां कॅमेरावाला शांतपणें म्हणाला, "अरे, नांव कोरायचें असेल, तर आधीं गड बांध, मग कोर." खिळा निमूटपणें खिशांत गेला. त्या दिवसापासून आजपर्यंत मीं कोणत्याहि वास्तूवर नांव लिहिलेलें नाहीं. आणि मास्तर झाल्यावर मुलांच्या सहली नेल्या, तेव्हां हेंच वाक्य, माझेंच असल्यासारखें, त्यांना ऐकवीत आलों.

दुपारीं दौलताबादचा घाट चढलों, कागजीपुऱ्यांत हातकागद पाहिला आणि रात्रीं खुलताबादेस भद्रा मारुतीपाशीं पाठ टेकली. दुसरे दिवशीं वेरूळ. अहल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत जीर्णोद्धार केलेलें घृष्णेश्वराचें तांबूस दगडाचें देऊळ आजीच्या वतीनें डोळे भरून पाहिलें, आणि मग लेणीं पाहूं लागलों. तीं क्रमानें पाहत कैलासापाशीं परत आलों तेव्हां दिवस कलला होता. डोंगर वरून खालीं खोदीत यावयाचें, सुमारें पावणेतीनशें फूट लांब, दीडशें फूट रुंद आणि शंभर फुटांहून खोल असा चौक मोकळा करावयाचा आणि मध्यें अखंड देऊळ राखावयाचें, ही कल्पना प्रथम कोणाच्या मनांत आली असेल? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण यानें आठव्या शतकांत हें मंदिर करविलें, असें इतिहास सांगतो. बडोद्याच्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटांत तर असें वर्णन आहे कीं, तें पाहून विमानांतून जाणारे देव थक्क झाले, आणि तें घडविणारा शिल्पीहि स्वतः नवल करूं लागला कीं, हें माझ्या हातून झालें तरी कसें! राजाचें नांव राहिलें, शिल्प्याचें नवलहि राहिलें. शिल्प्याचें नांव मात्र त्या ताम्रपटांत नाहीं.

वेरूळचीं लेणीं पश्चिमेकडे तोंड करून आहेत. संध्याकाळचें तिरपें ऊन कैलासाच्या दर्शनी भिंतीवर पडून ती तांबूस दिसूं लागली होती. मंत्राप्रमाणें ऊन पाठीशीं घेऊन कॅमेरावाल्यानें आम्हां चौघांना ओळीनें उभें केलें. सूर्य इतका खालीं आला होता कीं, त्याची स्वतःची लांब सांवली आमच्या पायांपर्यंत येऊन पोहोंचली होती. बाजूस सरकावें तर दरवाजा चौकटींत येईना, थांबावें तर ऊन जाईल. त्यानें खटका दाबला, आणि तें चित्र कायमचें झालें.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या सात दिवसांत आम्हां चौघांपैकीं एकाच्याहि तोंडून "दे इकडे कॅमेरा, आतां तूं उभा राहा" हें वाक्य निघालें नाहीं. त्यानेंहि कधीं तसें म्हटलें नाहीं. पंक्तींत जो वाढीत असतो, त्याचें पान मांडलेलें नाहीं हें जेवणारांच्या ध्यानांत येत नाहीं. तसेंच तें झालें.

कन्नड मागें टाकून चौथे दिवशीं पितळखोऱ्यास गेलों. दरीच्या कड्यांत लपलेलीं हीं बौद्ध लेणीं वेरूळपेक्षां कित्येक शतकें जुनीं, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरूं लागलेलीं. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनीं तेथील माती-दगड उपसला, तेव्हां त्यांतील कित्येक शिल्पें उजेडांत आलीं. येथें मात्र नांवें आहेत. पैठणच्या गंधी कुळांतील मितदेवाच्या दानाचा उल्लेख खांबावर आहे; आणि तेथें सांपडलेल्या हंसऱ्या यक्षाच्या मूर्तीवर, ही कण्हदास नांवाच्या सोनारानें घडविली, असें कोरलेलें आहे. तो यक्ष आतां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. हें सारें मीं पुढें वाचलें. त्या दिवशीं ब्राह्मी अक्षरांवरून नुसता हात फिरविला होता.

तेथून पाटणादेवीकडे उतरतांना माझा पाय मुरगळला. तें रान आज गौताळा अभयारण्यांत मोडतें. परंतु अभयारण्य झालें १९८६ सालीं. तेव्हां वाट विचारण्यास गुराख्यांवांचून कोणी नसे. तिघे मित्र बरेच पुढें गेले होते. कॅमेरावाला मागें वळला. स्वतःची पिशवी पाठीवर होतीच; माझी त्यानें छातीवर अडकविली आणि माझा हात आपल्या डाव्या खांद्यावर घेतला. त्याचा तो खांदा लहानपणापासून किंचित् उतरता होता. "तुझ्यासाठींच देवानें हा खालीं करून ठेवलाय," असें म्हणून तो हांसला आणि तीन तास मला आधार देत खालीं उतरला. चंडिकादेवीच्या देवळाशीं पोहोंचल्यावर आईच्या पुडींतील आंबेहळद उगाळून त्यानेंच लेप दिला. या प्रसंगाचें छायाचित्र अर्थातच नाहीं. तें काढणाराचे दोन्हीं हात गुंतलेले होते!

दुसरे दिवशीं ओसरींत पडल्या पडल्या मीं काकांसाठीं शिलालेखाची माहिती वहींत उतरून घेतली. शके ११२८ चा तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून मठ स्थापिला, असें त्यांत सांगितलें आहे. घरीं परतल्यावर काकांनीं ती वही दोनदां वाचली आणि मला प्रथमच बसावयास पाट दिला.

अजिंठ्यास आम्ही पोहोंचलों तेव्हां रिळांत दोनच चित्रें उरलीं होतीं, आणि लेण्यांतील अंधारापुढें त्या कॅमेऱ्याचें कांहीं चालणारें नव्हतें. दहाव्या लेण्यांतील खांबावर, १८१९ च्या एप्रिलमध्यें तेथें शिरलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानें कोरलेलें नांव पाहिलें. कॅमेरावाला माझ्या कानांत म्हणाला, "यानें कोणता गड बांधला होता रे?" तेथेंच रॉबर्ट गिल यांची हकीकत कळली. १८४४ पासून कित्येक वर्षें खपून त्यांनीं त्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. आणि १८६६ सालीं लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला आग लागली तींत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. इतक्या जपून केलेल्या नकला गेल्या आणि रानांत उघडीं पडलेलीं मूळ चित्रें राहिलीं, याचें मला तेव्हां फार आश्चर्य वाटलें होतें.

असो. परत आल्यावर रीळ धुतलें, तेव्हां बारांपैकीं नऊ छबी उमटल्या. त्यांतील कैलासाची माझ्या वांट्यास आली. रीळ मित्रापाशीं होतें, तें पुढें त्यानें घर बदललें तेव्हां गहाळ झालें. मी शाळेंत लागलों. तो चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस लागला. भेटी सणासुदीस होत.

१९९४ सालीं धाकट्या भावाच्या लग्नाकरितां घर रंगविलें. त्या वेळीं मनांत आलें कीं, दोन बोटें रुंदीचें तें चित्र मोठें करवून भिंतीवर लावावें. एका दुकानांत त्याची मोठी प्रत काढून घेतली आणि चौकट करणाराकडे नेली. त्यानें प्रत उलटसुलट पाहिली आणि खालच्या बाजूस बोट ठेवून म्हणाला, "मास्तर, हा काळा डाग वाईट दिसतो. खालून दोन इंच कापून टाकूं का? चौघे छान मध्यावर येतील." मीं म्हटलें, "कापा." विचार करण्यास मला जितका वेळ लागला, तितकाहि हें वाक्य लिहिण्यास लागत नाहीं.

दोन वर्षांनीं माझ्या मुलाची मुंज झाली, तेव्हां तो सहकुटुंब आला. माजघरांत तसबिरीपुढें उभा राहिला. बराच वेळ पाहिल्यावर त्याची नजर खालच्या कांठाशीं थांबली, हें मला दिसलें. मग तो हांसून म्हणाला, "बरें केलेंस. मी उगाच मध्यें आलों होतों." त्याच्या स्वरांत टोमणा नव्हता. तसा असता तर मला क्षमा मागतां आली असती. मीं विषय बदलला आणि त्याला पंक्तीला नेऊन बसविलें. पुढें तेवीस वर्षें आम्ही भेटत राहिलों. "माझें चुकलें" हे दोन शब्द प्रत्येक भेटींत ओठांपर्यंत आले आणि परत गेले. २०१९ सालीं तो हृदयविकारानें गेला.

गेल्या हिवाळ्यांत त्याची मुलगी घरीं आली. चहा झाल्यावर म्हणाली, "काका, एक मागायला आलें आहे. बाबा सगळ्यांचे फोटो काढायचे. त्यांचा स्वतःचा तरुणपणींचा एकहि घरांत नाहीं. लग्नांतला तेवढा आहे. माझी मुलगी विचारते, आजोबा कॉलेजांत असतांना कसे दिसत होते? तुमच्याकडे सहलीचे फोटो आहेत असें आई म्हणाली." तिनें भिंतीकडे पाहिलें, चारहि चेहरे निरखले आणि विचारलें, "यांत बाबा कुठले?"

घरांतील सर्व मंडळी तेथें होती. मी सांगितलें असतें कीं, तो यांत नाहीं, कारण त्यानेंच तें काढलें, तर तें खोटें झालें नसतें. परंतु तिच्या तोंडाकडे पाहून माझ्यानें अर्धें सत्य बोलवेना. "मुली, तो यांत होता, मीं त्याला कापला," असें म्हणून मीं तिला सारें सांगितलें. देवगिरीचा खिळा, घाटांतील खांदा, चौकटवाल्याची कात्री आणि मुंजीच्या दिवशींचें त्याचें वाक्य. माझी पत्नी लग्न होऊन एकोणचाळीस वर्षें या घरांत आहे. तिनेंहि हें प्रथमच ऐकलें.

मग मूळ चित्राचा शोध सुरू झाला. प्रत काढून झाल्यावर मीं तें कोठें ठेविलें, हें मला आठवेना. कपाटें, ट्रंका, माळा, सर्व पाहून झालें. शेवटीं धाकट्या भावजयीनें पाठशाळेंतील माझी जुनी लघुकौमुदी झटकली, तेव्हां तें खालीं पडलें. कांठ पिवळे पडले होते, पण चित्र शाबूत होतें. चौघे उभे होते. आणि त्यांच्या पायांशीं, खालच्या कडेपासून वर येणारी, कोंपरें बाहेर काढून डोळ्यांशीं कॅमेरा धरलेल्या माणसाची सांवली होती.

ती मुलगी खिडकीपाशीं गेली. थोड्या वेळानें तेथूनच म्हणाली, "काका, खांदा बघा. डावा." पंचेचाळीस वर्षांत तें माझ्या लक्षांत आलें नव्हतें. सांवलीचा एक खांदा किंचित् उतरता होता.

माझा पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. तो मायेनें म्हणाला, "काका, यांत अवघड काय आहे? लग्नाच्या फोटोवरून चेहरा घेऊन मी संगणकावर त्यांना तुमच्या शेजारीं उभें करतों. वय कमी करतां येतें. कोणाला कळणारहि नाहीं." खोटें कशाला बोलूं? क्षणभर मला तो मोह पडला. आम्ही पांचहि जण कैलासासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिलों असतों, आणि माझा अपराध कोणाच्याहि दृष्टीस पुन्हा पडला नसता. मीं त्या मुलीकडे पाहिलें. ती म्हणाली, "नको. तिथें बाबा उभे नव्हतेच. ते इथें होते," आणि तिनें सांवलीवर बोट ठेविलें.

पुतण्यानें मग मूळ चित्राची, कांहींहि न पुसतां आणि न जोडतां, संपूर्ण प्रत काढून दिली. तिनें प्रतच मागितली होती. मीं मूळ चित्र तिच्या हातीं दिलें आणि प्रत आपल्याकडे ठेविली. गिल यांची हकीकत मला आठवत होती. मूळ जेथें जपलें जाईल तेथें तें असावें, आणि माझ्या हातून तें एकदां जपलें गेलें नव्हतें.

पाठशाळेंत गुरुजी शिकवीत कीं, प्रत्ययाचा लोप झाला, तो डोळ्यांस दिसेनासा झाला, तरी त्याचें कार्य शब्दावर होतच राहतें. त्या वयांत हा केवळ परीक्षेंत विचारला जाणारा नियम वाटे. आज माजघरांत नवी तसबीर लागली आहे. जुन्या चौकटींत ती मावली नाहीं, म्हणून चौकट मोठी करावी लागली. कोणी पाहुणे आले म्हणजे मी आतां प्रथम सांवली दाखवितों, आणि मग, विचारलेंच तर, डावीकडून दुसरा कोण तें सांगतों.

वाचकांच्या घरींहि अशीं चित्रें असतील. मुंजीचीं, बारशांचीं, यात्रांचीं. आणि त्यांत कधींच न दिसणारें एखादें माणूस असेल. तें अजून हिंडत-फिरत असेल, तर पुढच्या कार्यांत त्याच्या हातांतील कॅमेरा आपण घ्यावा आणि त्याला मध्यभागीं उभें करावें. पंक्ति उठण्यापूर्वीं वाढणाराचें पान मांडावें, हें आपल्या घरांत लहान मुलासहि शिकविलेलें असतें. मला तें ठाऊक होतें. केलें मात्र नाहीं.